साफ केलेला बोर्ड

"दोघींपैकी एकीलाच घेता येईल," उद्धवराव म्हणाले आणि लगेच मोबाइलमध्ये बघायला लागले. वाईट बातमी दिली की ते नेहमी तसंच करायचे.

चिखलीतल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेले इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त व्हायचे. हे बोर्ड पाठवणारी चाकणची कंपनी पुढच्या महिन्यापासून हे काम आपल्या आवारात नेणार होती आणि सोबत एकच बाई. कंपनीच्या प्राजक्ता मॅडम आज परीक्षा घ्यायला आल्या होत्या. एकाच खेपेतले दोन सारखे बोर्ड त्यांनी दोघींसमोर ठेवले. सकाळी कोटिंग काढायचं, जेवणानंतर मॅडमसमोर रिले नावाचा नवा भाग सोल्डरने, म्हणजे वितळवलेल्या धातूने, जोडायचा.

धूळ आणि ओल लागू नये म्हणून बोर्डावर कोटिंगचा पारदर्शक थर असतो. भाग बदलायचा तर तो थिनरने भिजवून बांबूच्या काडीने खरवडावा लागतो. थोडा जरी राहिला तरी सोल्डर धरत नाही. थर जळून काळा पडतो आणि बोर्ड भंगारात जातो.

सुमनताईंचा या कामात अकरा वर्षांचा हात. बाकीच्या पोरी काम झालं की बोर्ड जांभळ्या दिव्याखाली धरायच्या, कारण राहिलेलं कोटिंग त्यात निळं चमकतं. सुमनताई नाही धरायच्या. "मला बोटाला कळतंय," त्या म्हणायच्या, "दिवा नवशिक्यांना ऱ्हाऊ द्या." अलीकडे सुईत दोरा ओवायला त्या शेजारणीला हाक मारायच्या. पण ते घरचं झालं, वर्कशॉपमध्ये कुणाला सांगायचं कारण नव्हतं.

निशिगंधा दोन वर्षांपूर्वी आली. गावातल्याच जुन्या घरातली, नवऱ्याने टाकलेली, पदरात चार वर्षांची मुलगी. काडी कशी धरायची इथपासून तिला सुमनताईंनीच शिकवलं होतं. आता उद्धवराव येताजाता तिचं कौतुक करायचे आणि ते सुमनताईंना भातातल्या खड्यासारखं लागायचं.

"ताई, तुमीच जावा कंपनीत," सकाळी ती हळूच म्हणाली होती. "मी बघंन कुठंबी. माजं वय हाय आजून."

केसाने गळा कापतेय, सुमनताईंना वाटलं. एक्कावन्नाव्या वर्षी आपल्याला दुसरीकडे कुणी उभं करणार नाही, हे हिने बरोबर हेरलंय. वरून त्या हसल्या. "आगं, नशिबात आसंल तसं. तू कर की नीट काम."

दीड वाजता जेवायची सुट्टी झाली. उद्धवराव मॅडमना घेऊन बाहेर पडले. निशिगंधाने आपला बोर्ड दिव्याखाली फिरवून पाहिला. कुठेही निळं दिसेना. तिने तो टेबलावर ठेवला आणि डबा घेऊन गच्चीवर गेली.

सुमनताईंनी आपला बोर्ड नुसता बोटाने चाचपून टेबलावर ठेवला आणि त्या मागे राहिल्या. कोटिंगच्या बाटलीत त्यांनी ब्रश बुडवला. निशिगंधाच्या बोर्डावर रिलेचे पाय बसायच्या चार चकत्या उघड्या होत्या, अगदी लख्ख. त्यांनी पहिलीवरून ब्रश फिरवला, मग दुसरीवरून. तिसरीला निशिगंधाची मुलगी आठवली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. तरी चौथी राहू दिली नाही.

असा पातळ थर दहा मिनिटांत वाळतो आणि वाळला की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एकदा तपासलेला बोर्ड कुणी पुन्हा दिव्याखाली धरत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. सगळ्यांसमोर बोर्ड जळेल, पोरगी रडेल. रडेना का! सुमनताईंनी हात धुतले आणि खाली जाऊन डबा उघडला. शेंगदाण्याची चटणी आज भलतीच चविष्ट लागली.

त्या वर आल्या तेव्हा निशिगंधा मान खाली घालून खरवडत बसली होती. सुमनताईंनी दारातूनच विचारलं.

"आता काय खरवडतीस?"

"कडंला जरासं ऱ्हायलं व्हतं," ती वर न बघता म्हणाली. "झालं आता."

कडेला. म्हणजे चकत्यांचं तिला कळलेलं नाही. कळलं असतं तर एवढ्यात वर्कशॉप डोक्यावर घेतलं असतं. सुमनताई निवांत आपल्या जागेवर बसल्या.

मॅडमनी आधी निशिगंधाला बोलावलं. तिने सोल्डरिंग गन टेकवली. सोल्डर पाण्यासारखं पसरलं आणि चारही पाय चकचकीत बसले. सुमनताई बघतच राहिल्या. थर फारच पातळ बसला असेल, दुसरं काय! असू दे. अजून आपला बोर्ड आहे आणि आपला अकरा वर्षांचा हात आहे.

त्यांनी गन उचलून पहिल्या चकतीला टेकवली. सोल्डरची गोळी झाली आणि घरंगळली. दुसऱ्या चकतीवरून धूर निघाला. तिसरी काळी पडली. चौथी तर बोर्डावरून उचकटूनच आली. जळक्या कोटिंगचा वास सगळ्या खोलीत पसरला.

"राहू द्या, मावशी," मॅडम म्हणाल्या. कागदावर त्यांनी निशिगंधाचं नाव लिहून घेतलं.

निशिगंधा धावत सुमनताईंजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आसं कसं झालं, ताई?" ती त्यांच्या कानाशी पुटपुटली. "दिव्याखाली धरला तर तुमच्या बोर्डावर कोटिंग ऱ्हायलं व्हतं, तुमाला दिसलं नसंल. म्हणून जेवून आल्यावर मी माजा साफ केलेला बोर्ड तुमच्या टेबलावर ठिवला आन् तुमचा मी घेतला."