तळहातावरचे तीन प्रश्न

“संधीचं सोनं कर, प्रत्येक टेबलापाशी प्रश्न विचार,” पदव्युत्तर प्रवेशाच्या मेळाव्याबद्दल दादानं बजावलं होतं. म्हणून दवाखान्यातली रात्रपाळी संपताच तळहातावर तीन प्रश्न लिहून मी थेट तिथं गेले. पहिलंच टेबल झोपेवर संशोधन करणाऱ्या विभागाचं होतं. “बसा, माहितीपत्रक आणते,” प्राध्यापिका म्हणाल्या. बसले, आणि डोळा कधी लागला कळलंच नाही. स्वप्नात वॉर्डातले पलंग होड्यांसारखे तरंगत होते आणि एकही बेल वाजत नव्हती. जाग आली तेव्हा सभागृह रिकामं होतं, टेबलावर ‘हळू बोला’ अशी हातानं लिहिलेली पाटी. दादाला काय तोंड दाखवू? उघड्या तळहातावर चिठ्ठी होती: ‘एक: हो, नोकरी करत शिकता येतं. दोन: चाळिशी आड येत नाही. तिसरा घामानं पुसलाय, सोमवारी विभागात येऊन विचारा. झोपेत हसत होतात. का, तेही सांगा.’