गयाबाईचा गुडघा

सुई आत गेली, सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला, आणि आलं काहीच नाही. डॉ. बकुळा सोवनींनी सुई जरा तिरकी करून पुन्हा ओढलं. थेंबसुद्धा नाही. गयाबाईच्या गुडघ्यातलं पाणी आटलं होतं.

बकुळाबाई हादरल्या. दयेनं बियेनं नव्हे हो! अकरा वर्षांचं संशोधन त्या एका गुडघ्यावर उभं होतं. संधिवातात सांध्यात पाणी साचतं, त्या पाण्यात एक एन्झाइम असतं, आणि ते हाडांच्या टोकांवरची मऊ गादी कुरतडत जातं. किती वर्षांत किती कुरतडतं, हे बाईंना दाखवायचं होतं. त्यासाठी हवा होता असा रोगी, ज्याच्या अंगात संधिवाताचं एकही औषध गेलेलं नाही. औषध गेलं की आकडे बिघडलेच. असे रोगी कुठले थांबायला! थांबली ती ही, विठ्ठलवाडीच्या चाळीतली, उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे पापड लाटणारी गयाबाई.

१९८० साली आली ती तरातरा चालत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अंबरनाथ पूर्वेला बाईंच्या प्रयोगशाळेत यायची, गुडघा पुढे करायची. बाहेरची एकही गोळी घ्यायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं. तिनं घेतली नाही. तिच्या पाण्यावर बाईंना पीएच.डी. मिळाली, दिल्लीचं पारितोषिक मिळालं, विलायतेत भाषण मिळालं. इकडे गयाबाईची बोटं वाकडी झाली, पापड सुटले, मग हातात काठी आली. रोग जागच्या जागी थोपवणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मुंबईत मिळायला लागून तीन वर्षं झाली होती. बाईंना ठाऊक नव्हतं म्हणता? त्या गोळीवर त्यांनी स्वतः परिषदेत निबंध वाचला होता.

आणि आता परदेशी नियतकालिकाचं पत्र आलं होतं. काम अव्वल आहे, पण एकाच रोग्यावर भिस्त कशी ठेवायची? औषध न घेतलेला आणखी एक दाखवा, मग छापू. दुसरा मिळत नव्हता, आणि हातातला हा असा आटला. बाईंनी रिकामी सिरिंज बाजूला ठेवली.

समोरचा गुडघा त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. वाळक्या खोडासारखा, जागीच आखडलेला. त्यांना लाज वाटली, खरीच वाटली. आज हिला सगळं सांगायचं, हात जोडायचे आणि निदान आता तरी मुंबईला पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं.

पण आधी गयाबाईच बोलली.

"आटलं ना बाई? मला वाटलंच. अकरा वर्सं तुम्ही त्यातली घाण काढली, म्हणून तर काठी टेकत का होईना, चालते. आमच्या शेजारची विठा ह्याच दुखण्यानं चार वर्सांत खाटेला लागली."

पाणी काढणं हेच औषध, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. बाईंनी तसं कधी म्हटलं नव्हतं. तसं नाही, असंही कधी म्हटलं नव्हतं.

गयाबाईनं दाराकडे बघून हाक मारली. तिची मुलगी अंजनी आत आली. एकोणीस वर्षांची, दिवाळीनंतर लग्न ठरलेलं. सकाळी बोटं मिटत नाहीत म्हणाली. गुडघा टम्म सुजलेला, कढत. बदलापूरच्या डॉक्टरनं त्याच नव्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, वेळेत घेतल्या तर पोरगी धडधाकट राहील म्हणाला होता. चिठ्ठी गयाबाईनं पदराला बांधून आणली होती.

"अजून एकपण घेतली नाही हिनं. म्हटलं, आधी आपल्या बाईंना विचारू. करू का चालू?"

बकुळाबाईंनी चिठ्ठी वाचली. गोळी बरोबर होती, मात्रा बरोबर होती. त्यांनी अंजनीच्या गुडघ्यावर बोट दाबलं. आत भरपूर पाणी होतं.

"गोळी नको गं बाळा," त्या मायेनं म्हणाल्या, "आणि रविवार चुकवायचा नाही."