तिच्या बाजूचं भांडण

तिला वाचा नव्हती. बोलायची ती हातांनी. नवऱ्याला तिची खूण न् खूण कळायची, म्हणूनच भांडणात तिचे हात बोलू लागले की तो खटकन दिवा घालवायचा. अकरा वर्षं तिचं म्हणणं असं अंधारात विरत आलं होतं. उद्या तर तो लेकीला कायमची आत्याकडे सोडणार होता.

दुपारी धाकट्या बहिणीने घरीच तिचं एकेक नख अंधारात चमकणाऱ्या पावडरीत बुडवलं. "ताई, लग्नात नखं रंगवली नाहीस, आणि आज जीव टांगणीला असताना हे लाड?" तिने दुसरा हात पुढे केला.

रात्री तिचे हात बोलू लागले. "बास झालं तुझं!" म्हणत त्याने दिवा घालवला.



दिव्याचा उजेड प्यायलेली दहा नखं हिरवी पेटली आणि तिचं वाक्य पुरं झालं, "लेक कुठंही जाणार नाही."