तिसऱ्या ओळीनंतर

निरोपाच्या कार्यक्रमाला तासभर अवकाश होता आणि बाईंना वाद्यांच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. पलीकडच्या दालनात तालीम चालली होती. ती बाईंसाठी असल्यामुळे बाईंना कळता कामा नये, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. मधली भिंत मात्र लाकडी फळ्यांची होती.

"तुम्हाला काही ऐकू येत नाहीये बरं का, बाई," शिपाई चहाचा कप ठेवत म्हणाला.

"छे, मी ठार बहिरी," असं म्हणून बाईंनी खुर्ची भिंतीला आणखी चिकटवली.

पलीकडे व्हायोलिनं सुरात लागली. या संगीतशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला बाई सगळ्यात आधी शिकवायच्या ती चार ओळींची साधी धून सुरू झाली. जुने, नवे, पोराबाळांचे आईबाप झालेले, सगळे एकत्र वाजवत होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली आणि सगळे एकदम थांबले. मग कोणी न सांगता सगळ्यांनी मिळून चौथी उचलली. बाई खुशीत मान डोलावत होत्या.

तेवढ्यात टाळी वाजली. नवे सर. उद्यापासून बाईंचा वर्ग त्यांच्याकडे जाणार होता.

"तिसऱ्या ओळीनंतर थांबलात का? कागदावर तिथे थांबा नाही. सरळ पुढे जायचं. पुन्हा."

पुन्हा वाजलं, पुन्हा सगळे तिथेच थांबले. तिसऱ्या खेपेला निम्मे थांबले, निम्मे पुढे गेले आणि जो काही गोंधळ झाला तो फळ्यांमधून जसाच्या तसा बाईंच्या कानावर आला.

बाईंचा चहा तसाच राहिला. चौथी ओळ वरच्या सुरावर सुरू होते. त्यासाठी डावा हात झरकन वर सरकवावा लागतो आणि नवशिक्या हाताला ते काही वेळेत साधत नाही. मग बाई थांबायच्या. कधीपासून, ते त्यांनाही आठवेना. थांबता थांबता त्याची सवय झाली आणि पोरांनी सवयीलाच धून मानलं. खरंच की, मूळ धुनेत असलं काही नव्हतं. बाईंचं वादन वर्षानुवर्षं ऐकलेले दर्दी लोक आता येऊन बसतील आणि बाईंच्या हातची चूक बाईंच्याच सत्कारात, शाळेच्या झाडून साऱ्या विद्यार्थ्यांकडून ऐकतील. आयुष्यभर शिकवलं काय, तर हे? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक यायच्या आत आपणच सांगून टाकावं म्हणून त्या उठल्या.

"बाई, तुम्हाला ऐकू येत नाहीये ना?" शिपाई दारात आडवा आला.

"आता यायला लागलं," बाई म्हणाल्या आणि त्याला बाजूला सारून सरळ दालनात गेल्या.

सगळ्यांचे गज खाली आले. कुणीतरी 'झालं आता' असं पुटपुटलं.

"सर म्हणतात ते बरोबर आहे," बाई दारातूनच म्हणाल्या. "थांबायचं नाही तिथे. चूक माझी आहे, मीच तुम्हाला तसं..."

"चूक कसली, बाई?" मागच्या रांगेतून एक आडदांड गृहस्थ उभे राहिले. दातांचे मोठे डॉक्टर. वर्गात त्यांना गोगलगाय म्हणायचे आणि इथे ते अजून गोगलगायच होते. "सर, ती जागा माझी आहे. माझा हात वर पोचायचाच नाही. बाई माझ्यासाठी थांबायच्या. मी शाळा सोडली तरी तुम्ही ते चालू ठेवलंत, बाई?"

"तुमच्यासाठी? काहीतरीच," पुढच्या रांगेतली, बस चालवणारी एक जण वळून म्हणाली. "माझी करंगळी आखूड. बाई माझ्याकडे बघून थांबायच्या."

"आत्या, तू कधी शिकलीस आणि मी कधी शिकले," शेजारी बसलेली तिची भाची म्हणाली. "मला त्या डोळ्यांनी सांगायच्या, ये सावकाश. ते माझ्यासाठीच होतं."

मग काय, जो तो हक्क सांगायला लागला. एकाचा म्हणे त्या वर्षी हात प्लास्टरमध्ये होता. मागून कुणीतरी म्हणालं, मी तर आजही वेळेत पोचत नाही. वडिलांची जमीन वाटून घ्यायला बसल्यासारखी सगळी भांडायला लागली. बाई दारात उभ्या राहून एकेकाचं तोंड बघत होत्या. यातल्या प्रत्येकाने ती जागा आपली म्हणून इतकी वर्षं जपली होती, हे त्यांना आजच कळत होतं. मघाची लाज कुठल्या कुठे गेली.

नवे सर तसे मनाने चांगले होते. आजचा कार्यक्रम निर्दोष व्हावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, भांडणाऱ्या मंडळींकडे पाहिलं आणि खिशातून पेन्सिल काढली. तिसऱ्या ओळीच्या शेवटी ती टेकवली खरी, पण तिथेच अडली.

"बाई," ते अदबीने म्हणाले, "मला लिहून ठेवायला हवं. इथे किती मात्रा थांबायचं?"

गडबड शांत झाली. सगळे बाईंकडे बघायला लागले.

"मोजायचं नाही," बाई म्हणाल्या. "सगळे पोचले की निघायचं."