आरुशाची गाडी

आरुशाहून टांगा शहरात माहेरी आलेली म्वानाइदी वडिलांच्या लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसली. दर मिनिटाला टिंग! बुटांचा सेल, फुटबॉलचा गोल, कुठल्याशा परक्या शहरातलं हवामान.

"बाबा, या सगळ्या वेबसाइटांना नोटिफिकेशनची परवानगी दिली कोणी?"

"मीच," शाबानी शिंपी म्हणाले. "बिचारी दारात येऊन 'होदी' म्हणतात, येऊ का विचारतात. त्यांना 'करीबू, या' म्हणायचं सोडून हाकलू?"

"अहो, पाहुणे आहेत का ते!" हसत हसत तिने एकेकाची परवानगी काढून घेतली. चाळीस गेले. शेवटचं राहिलं बस कंपनीचं: रोज साडेचारला, 'आरुशाची गाडी स्टँडवर पोचली.'

म्हाताऱ्याने तिचा हात धरला. "ते राहू दे."

"तुम्ही कुठे जाता बसने?"

"मी नाही गं. तू येतेस ना त्या गाडीने."

"वर्षातून दोनदा, बाबा!"

"हो ना, बाकीचे दिवस उगाच आशा लावतो मेला. पण तो बोलला की मी चहाचं आधण दोन कपांचं ठेवतो."