मुकादमाची पाठ

ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या डॉ. ब्रॉन्विननं बांधकाम-मुकादम क्लाइव्हच्या पाठीवरचा काळा तीळ पाहताक्षणी कॅन्सर ओळखला. छपरावर भर उन्हात राबणाऱ्या तिच्या भावाला याच मुकादमानं "टोपी बायका घालतात रे!" म्हणून सगळ्यांदेखत हिणवलं होतं. भावानं टोपी सोडली आणि त्वचेच्या कॅन्सरनं तो एकतिसाव्या वर्षी गेला. 'काही नाही, घरी जा,' हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते गिळून तिनं तीळ मुळापासून कापला.

वर्षानं क्लाइव्ह ठणठणीत होता. "डॉक्टर, जीव वाचवलात. सांगाल ते करीन."

"दर सोमवारी एकेका बांधकामावर चलायचं. शर्ट काढून पोरांना व्रण दाखवायचा आणि माझा भाऊ डॅरिल कुणामुळे मेला, ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

क्लाइव्हचा चेहरा उतरला. "किती दिवस?"

"जगाल तितके दिवस. म्हणून तर वाचवलंय तुम्हाला."