गाडी जातानाचा आवाज

"न्हाय. ह्यो न्हवं," बनाबाई म्हणाली.

चन्नाप्पानं मोटरसायकलची चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि हातातला पाना फरशीवर आपटला. शाहूपुरीतल्या त्याच्या गॅरेजात महिन्याभरात या गाडीला बसवलेला हा तिसरा सायलेन्सर होता. बनाबाई दर गुरुवारी एसटीनं मलकापूरकडून यायची, आवाज ऐकायची आणि मान हलवून परत जायची.

"आता काय कमी हाय ह्यात, मावशी?"

"लई गुळगुळीत वाजतोय."

पहिल्यांदा ती आली तेव्हा चन्नाप्पाला काम सोपं वाटलं होतं. साडेतीनशे सीसीची, नीट ठेवलेली गाडी, टेम्पोत घालून आणलेली. कंपनीचा सायलेन्सर काढायचा, मोकळा बसवायचा. धूर मोकळा निघाला की इंजिनाला पेट्रोलही त्या मापात लागतं, म्हणून कार्बोरेटरचा जेट बदलायचा, हवा-पेट्रोल जुळवून घ्यायचं. दोन दिवसांचं काम. वीस वर्षं तो हेच करत आला होता. गडहिंग्लजपासून पोरं गाड्या घेऊन यायची. चन्नाप्पा कानानं ट्यूनिंग करतो, असं म्हणायची.

आणि ही पंचावन्न वर्षांची, म्हशी राखणारी बाई त्याच्या कानाच्या चुका काढत होती.

तिची ऐकायची पद्धतही विचित्र. गाडी जागेवर रेस केलेली तिला चालायची नाही. ती गल्लीच्या तोंडाला, रस्त्याकडं पाठ करून उभी राहायची आणि डोळे मिटायची. चन्नाप्पानं लांबून यायचं, तिच्या मागनं जायचं आणि पुढच्या वळणावर अ‍ॅक्सिलेटर सोडायचा. "जाताना कसा वाजतोय ते ऐकायचंय," एवढंच ती सांगायची. चहाच्या टपरीवरचे लोक बघून हसायचे. हसायचे तेही तिला नाही, चन्नाप्पाला.

"आन सोडल्यावर दोनदा फुटाय पायजे," ती पुढं म्हणाली. "फट, फट. खाली बारीक शिट्टी."

"मावशी, त्यो बिघाड असतोय!" चन्नाप्पाचा आवाज चढला. "पेट्रोल कमी पडलं की सायलेन्सरात फुटतंय तसं. मी जीव तोडून गाडी नीट करतोय आन तुमी बिघाड मागताय? इंजिन तापून जाईल. पोलीस धरतील ते येगळंच."

"धरू देत. कुणाला चालवायची न्हाय ती."

"मग आवाज कशाला पायजे?"

बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "गाडी ऋतुराजची हाय. माझ्या पोराची. गणपतीच्या आधी गेला."

 चन्नाप्पानं फरशीवरचा पाना उचलून खिशात घातला. आपण तिच्यावर ओरडलो याची त्याला लाज वाटली. पोरगं दारातनं बाहेर पडताना जो आवाज यायचा, तो आईच्या कानात राहिला असणार. एवढं साधं आपल्याला कसं उमगलं नाही?

"आधी सांगायचं की, मावशी," तो म्हणाला. "पोराचा जुना सायलेन्सर हाय का घरात? त्यावरनं लगेच कळंल."

"माझ्याकडं न्हाय त्यो."

त्यानं चहा मागवला. तिनं अर्धाच घेतला आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठली.

पुढचे दोन आठवडे चन्नाप्पानं दुसऱ्या गाड्यांना हात लावला नाही. पाइप कापला, पुन्हा वेल्ड केला. जेट बारीक केला तर आवाज फुटायचा पण शिट्टी जायची. शिट्टी आणली तर फुटणं थांबायचं. गिऱ्हाइकं फोनवर शिव्या घालायला लागली. बायको म्हणाली, झोपेतसुद्धा न्हाय न्हाय म्हणताय. मधल्या गुरुवारी बनाबाई आली, ऐकलं, मान हलवली आणि गेली. त्या दिवशी त्यानं सायलेन्सरला लाथ घातली आणि अंगठा सुजवून घेतला.

शेवटी वैतागून त्यानं भंगाराचा ढीग उपसला. तळाशी भोकं पाडलेल्या नळीचा वीतभर तुकडा सापडला. कधीतरी त्यानंच कापलेला आणि विसरून गेलेला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून त्यानं तो आत बसवला आणि बारीक जेट घातला.

गुरुवारी बनाबाई नेहमीसारखी पाठ करून उभी राहिली. चन्नाप्पा तिच्या मागनं गेला, वळणावर अ‍ॅक्सिलेटर सोडला. फट, फट. आणि खाली बारीक, लांबत गेलेली शिट्टी.

तो परत आला तेव्हा तिनं विजेचा खांब धरला होता.

"ह्योच," ती म्हणाली.

चन्नाप्पाला हसू फुटलं. दीड महिन्याचा वैताग एकदम अंगावरनं उतरला. "डोकं खाल्लासा माझं, मावशी! पण काढला का न्हाय?"

"काढलासा."

"तुमच्या पोराला ह्यो कुणी करून दिलावता द्येव जाणे. मला वाटायचं, असा आवाज माझ्याबिगर कुणाला जमायचाच न्हाय. आतली नळी मी हातानं कापलीया. दोन तुकडे केलते. त्यातला एक आता तुमच्या गाडीत."

बनाबाईनं डोळे उघडले. "आन दुसरा?"

"आमच्या रुद्रेशच्या गाडीत. धाकटा भाऊ. रत्नागिरीला कामाला असतोय. आईबाच्या मागं मीच वाढीवलाय त्याला." चन्नाप्पा कौतुकानं सांगत होता. "दर सोमवारी पहाटं तुमच्या मलकापूरवरनंच जातोय की त्यो."

बनाबाईनं खांबावरचा हात काढला. गाडीकडं बघितलं, मग चन्नाप्पाकडं.

"माझ्या ऋतुराजच्या गाडीचा आवाज घरात ऐकूबी यायचा न्हाय, मिस्त्री," ती म्हणाली. "त्यो गेला त्या सोमवारी पहाटं चालतच दूध घालाय निघालावता. त्याला उडवून जी गाडी थांबली न्हाय, तिचा ह्यो आवाज."